बिनखुंट्यांची भिंत

हरिश्चंद्रशेठच्या अंगावर जे पाणी पडलं ते आभाळातूनच पडलं, यात वाद नाही. पण आभाळापासून शेठच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टापर्यंत त्या पाण्याची सोय ओमकार बेंडखळेने स्वतःच्या हाताने केली होती. ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री घेऊन, स्टुलावर चढून, सकाळी साडेआठ वाजता.

ओमकार रत्नागिरीचाच, शिक्षणाने आर्किटेक्ट, आणि आपल्या इमारतीला कुणी बोट लावलेलं न खपणारा. गावाबाहेर सड्यावर, समुद्राकडे तोंड करून पडलेल्या उघड्याबोडक्या कातळावर, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचा नवा बाळंतीण विभाग त्याने बांधला होता. विजेवर नव्हे, वाऱ्यावर चालणारा. पश्चिमेला जांभ्या चिऱ्यांची लांबलचक जाळीदार भिंत, तिच्या आत आठ फूट रुंद व्हरांडा, आणि त्याच्या आत वॉर्ड. वाऱ्याने समुद्रावरून यावं, जाळीतून स्वतःला गाळून घ्यावं, खाटाखाटांवर बाळंतिणींची विचारपूस करावी आणि छपराखालच्या झरोक्यांतून निघून जावं, अशी योजना. आणि पाऊस? पावसाचंही गणित झालं होतं. झड पाच फूट आत येईल असं कॉम्प्युटरने सांगितलं. ओमकारने व्हरांडा आठ फूट ठेवला. वरचे तीन फूट मनाचा मोठेपणा म्हणून.

एप्रिलमध्ये इमारत ताब्यात दिली आणि तो पुण्याला दुसऱ्या कामावर गेला. जून सरला, जुलै अर्धा झाला, वॉर्डमध्ये पाण्याचा थेंब आल्याची तक्रार नाही. पुण्यातल्या एका परिसंवादात त्याने पडद्यावर जाळीचे फोटो दाखवून सांगितलं, "कोकणातला चाळीस दिवसांचा पाऊस या भिंतीने थोपवला आहे. यंत्राशिवाय." टाळ्या झाल्या. ट्रस्टचे अध्यक्ष हरिश्चंद्रशेठ हे आंब्याच्या कॅनिंगमधलं बडं नाव. त्यांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी ठरवलं, अख्खी समिती घेऊन जायचं, ही भिंत एकदा बघायची.

समिती अकराला येणार म्हणून ओमकार साडेआठलाच पोचला. व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि त्याचा चेहरा पडला. जाळी दिसतच नव्हती. तिला आतून चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मासे धरायचं जुनं जाळं चौघडी घालून टांगलेलं होतं. ते बांधलं होतं सलाइनच्या स्टँडना. स्टँड उलटू नयेत म्हणून प्रत्येकाच्या पायाशी चिरा. जाळ्याच्या आत दोऱ्यांच्या दोन रांगा, आणि त्यांवर लंगोट, दुपटी, झबली, टोपडी, मधेच कुणाचा तरी परकर. आणि सगळ्यावर बांगड्याचा मंद, टिकाऊ वास.

ओमकारने इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग कात्री दिसली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी समिती व्हरांड्यात उभी होती. मोकळ्या जाळीच्या भोकाभोकांतून समुद्र दिसत होता. ओमकार हात हलवून म्हणत होता, "आता बघा शेठ, वारा कसा येतो." वारा आला. सड्यावरचा आषाढातला वारा एकटा येत नाही, हे सड्यावरच्या गुरांनाही माहीत असतं. एक झड आली ती आडवी. व्हरांडा ओलांडला, उंबरा ओलांडला, तिसऱ्या खाटेपर्यंत गेली. वाटेत हरिश्चंद्रशेठ होते, समितीचे दोन सभासद होते, चहाचा ट्रे होता आणि समारंभासाठी आणलेले पेढे होते.

वॉर्डमध्ये मात्र कुणी किंचाळलं नाही. पाणी आत शिरायच्या आधीच एक बुटकीशी बाई, निळ्या साडीचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेली, पश्चिमेच्या चारही खाटा बाळंतिणींसकट पलीकडच्या भिंतीला ढकलून मोकळी झाली होती. एका हातात एक तान्हं, दुसऱ्या हाताने खाट, आणि तोंडाने, "चला गं, सरका, सायबांची भिंत आली आत."

ही शरीफा होडेकर. हॉस्पिटलात सगळे तिला शरीफाखाला, म्हणजे शरीफामावशी, म्हणतात, डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत. तीस वर्षं बाळंतीण विभागात आया.

हरिश्चंद्रशेठनी चष्मा काढला, पुसायला रुमाल काढला, रुमालही ओला निघाला.

"बेंडखळे, काचा बसवा."

"शेठ, काचा बसवल्या तर वारा..."

"वारा मला कळतो. पाणीसुद्धा कळतं. आत्ताच कळलं." शेठ जायला वळले. "पुढच्या गुरुवारी समितीची बैठक आहे. त्यात ठराव करतो. जाळी पुरती बंद, अॅल्युमिनियमच्या खिडक्या, पाच एसी. तोवर दुसरं काही सुचलं तर दाखवा. सुचेल असं वाटत नाही."

अशा रीतीने ओमकारच्या तीन वर्षांच्या कामाला आठ दिवस उरले. दुसऱ्याच सकाळी बाबल्या अॅल्युमिनियमवाला टेप घेऊन हजर. भिंतीची मापं घेता घेता तो ओमकारलाच सांगतो, "ते टोक धरा हो जरा सायेब." ओमकारने धरलं. न धरून करतो काय!

त्या आठ दिवसांतले पहिले तीन ओमकारने शहाणपणात घालवले. पुण्याला कॉलेजातल्या आपल्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "वाऱ्याचा डेटा कुठला घेतलास?" त्याने सांगितलं. "तो गावातला," सर म्हणाले. "सड्यावरचा वारा वेगळा." मग जाळीच्या भोकांना तिरकी झाकणं बसवायचा विचार झाला, आणि बाबल्याने त्यासाठी दीड महिना मागितला. प्रसूतितज्ज्ञ डॉ. योगिनी, म्हणजे या विभागाच्या प्रमुख, एकदा जाता जाता थांबल्या.

"ओमकार, काच लावू नकोस एवढंच मी म्हणेन. आमचा ओपीडी बघितला आहेस ना?"

बघितला होता. पाच वर्षांपूर्वी ट्रस्टने बाहेरच्या कुणाकडून तरी बांधून घेतलेली ती संपूर्ण काचेची इमारत. आषाढात वीज दिवसाआड जाते, जनरेटर एसीला पुरत नाही, खिडक्या उघडत नाहीत कारण त्या उघडण्यासाठी केलेल्याच नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात तिथल्या केसपेपरांना हिरवी बुरशी आली. संस्थापकांच्या तसबिरीलाही आली. बिचारे आयुष्यभर गुळगुळीत दाढी करणारे गृहस्थ, तसबिरीत त्यांना चांगली चार बोटं दाढी फुटली.

"मग मी करू काय?" ओमकार वैतागून म्हणाला.

"मला काय विचारतोस? चाळीस दिवस वॉर्ड कोरडा कुणी ठेवला, तिला विचार ना."

हे खरं तर त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. फक्त पचत नव्हतं. पुण्यात ज्या टाळ्या पडल्या त्या बांगड्याच्या जाळ्याला पडल्या होत्या, हे कुणाला पचेल?

चौथ्या दिवशी तो खालाकडे गेला. ती व्हरांड्याला लागूनच असलेल्या, पाणी तापवायच्या बंबाच्या खोलीबाहेर बसून दुपटी पिळत होती.

"खाला, एक विचारायचं होतं."

"कात्री परत दिलीत?"

"अं?"

"ड्रेसिंगची कात्री. सिस्टर चार दिवस शोधत्येय. माझ्यावर आळ."

कात्री ओमकारच्या बॅगेतच होती. त्याने ती निमूट पुढे केली. खालाने धार बघितली, "माशाच्या दोरीवर चालवलीत, आता ही बँडेज नाय कापायची," म्हणाली आणि बाजूला ठेवली.

"पाणी पाच फूटच आत यायला हवं होतं," ओमकार म्हणाला. "मी गणित केलं होतं."

"पावसाला सांगितलंत?"

"मला फोन तरी करायचा!"

"केला हुता. जूनच्या सात तारखेला. तिसऱ्या खाटेवरच्या पोरीच्या उशीत पाणी शिरलं तवा. तुमी म्हणालात, मीटिंगमधे हाय, भिंतीला हात लावू नका." खालाने दुपट्याला शेवटचा पीळ दिला. "मी नाय लावला हात. सलाइनच्या स्टँडला बांधलं."

एप्रिलमधली ती दुपार ओमकारला लख्ख आठवली. इमारत ताब्यात देताना त्याने सगळ्या कर्मचाऱ्यांना फिरवून आणलं होतं. झरोके दाखवले, जाळी दाखवली. शंका विचारा म्हटल्यावर ही बुटकी बाई पुढे आली आणि म्हणाली, "खुंट्या कुठं हायत?" "कशाला?" "बांधायला." "काय बांधायला?" "जे लागंल ते." तेव्हा ओमकारने तिला भिंतीच्या सौंदर्यावर पाच मिनिटं ऐकवलं होतं. चिऱ्याची उघडी भिंत, तिला एक खिळा ठोकला की तिचं रूप गेलं, वगैरे. त्याने कंत्राटदाराकडून तसं लिहूनच घेतलं होतं: या इमारतीत एकही खुंटी, खिळा, हूक असणार नाही. खालाने सगळं ऐकून घेतलं होतं आणि जाताना भिंतीवरून हात फिरवला होता. ओमकारला वाटलं, कौतुकाने. ती जागा शोधत होती.

शरीफाखालाला वाऱ्याचं शिक्षण कुणी दिलं नाही. ती बंदरावर जन्मली. बाप मचव्यावर, भाऊ इद्रीस आता स्वतःच्या बोटीवर. जुन्या कौलारू इमारतीत विभाग होता तेव्हापासून ती खाटा ऋतूप्रमाणे फिरवत आली. वैशाखात डोकी उत्तरेला, पावसात भिंतीपासून हातभर दूर कारण चिरा पाझरतो, थंडीत पूर्वेच्या खिडकीशी, कोवळं ऊन पोरांच्या पायावर यावं म्हणून. दर नव्या डॉक्टरने येऊन खाटा सरळ रांगेत लावायला सांगाव्यात आणि दर नव्या डॉक्टरची बदली झाल्यावर खाटा पुन्हा आपापल्या जागी जाव्यात, हा तीस वर्षांचा परिपाठ. तिचा नवरा अठरा वर्षं कुवेतला एसी दुरुस्त करत होता. आता घरी आहे, पण पंख्याखालीसुद्धा झोपत नाही. पडवीत बाजलं टाकतो. "अठरा वर्सं दुसऱ्यांना गार केलंन, स्वतःची हाडं कुरकुरायला लागली," हे खालाचं एसीवरचं एकूण मत.

"जाळ्यानं वारा अडत नाय," ती ओमकारला म्हणाली. "थेंब फुटतो. चार पदर लावलात की निस्ती वाफ येते आत. हिकडं मागं बंबाची खोली, ही भिंत दिवसभर कोमट असते. मधे दोरी बांधली की कपडे सुकतात. पोरांना कोरडं लागतं की नाय? आषाढात कोरडं लंगोट कुठून आणणार, तुमच्या कॉम्प्युटरातून?"

ओमकारने भिंतीला हात लावला. खरंच कोमट होती. बंबाची खोली त्यानेच तिथे काढली होती, पण ती केवळ पाइप कमी लागावेत म्हणून.

"मग ते जाळं परत बांधू या?"

"कापलंत ना? आता इद्रीसला भेटा. जाळं त्याचं हाय. आणि वाईच लवकर जा, दुपारी तो कुणाशी बोलत नाय."

त्या संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा आई पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. बाहेर सरी कोसळत होत्या, आणि पडवी कोरडी. ओमकार उंबऱ्यातच थबकला. पडवीला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी ताणून बांधलेली होती.

"आई, ही जाळी..."

"काय झालं? फाटली?"

"कुणी बांधली?"

आईने त्याच्याकडे पाहिलं ते, याला पुण्याला नेमकं झालं तरी काय, अशा नजरेने. "तूच. मेच्या वीस तारखेला, पुण्याहून आला होतास तेव्हा. दहा वर्षांचा होतास तेव्हापासून दरवर्षी तूच बांधतोस आणि दरवर्षी कुरकुरतोस. खुंटी हलली, खुंटी हलली म्हणून."

ओमकार तिथेच उंबऱ्यावर बसला. वीस वर्षं! सड्यावरच्या इमारतीचे एकोणीस आराखडे त्याने काढले होते. त्यातले काही तर याच पडवीत, याच जाळीआड बसून, कागदावर थेंब पडू नये म्हणून जाळीचं टोक नीट खोचून काढले होते. पण ते घरचं काम. आईने सांगितलेलं. ते आर्किटेक्चरमध्ये कशाला येईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बंदरावर गेला. मासेमारी बंद असल्यामुळे बोटी वर ओढून झाकलेल्या. इद्रीस एका शेडमध्ये जाळ्यांच्या ढिगात बसला होता. सहा फूट माणूस, पांढरी दाढी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा.

"कात्रीवाले तुमीच काय?"

"हो. चुकलं माझं. मी नवीन जाळं घेऊन देतो."

"नवं जाळं देणारे लय आले. बसा." त्याने कापलेल्या जाळ्याचं एक टोक ओमकारच्या मांडीवर टाकलं आणि हातात प्लॅस्टिकची सांधायची सुई दिली. "कापलंत तसं सांधा."

"मला येत नाही."

"कापायचं तरी कुठं येत व्हतं? वाकडंतिकडं कापलायसा."

दोन दिवस ओमकारने जाळं सांधलं. पहिल्या दिवशी त्याने मारलेल्या गाठी इद्रीसने एकेक करून सोडवल्या. शेडमध्ये येणारा जाणारा थांबून बघायचा. "इंजिनेर हाय," इद्रीस ओळख करून द्यायचा, "हास्पिटलात पाऊस आणलान त्यानं." मोबाइलवर कुणीतरी शेठच्या भिजण्याचा व्हिडिओ दाखवला. तो तोवर बंदरभर फिरला होता. ओमकारच्या बोटांना चिरा पडल्या, कपड्यांना वास लागला, आणि आईने त्याला मागल्या दाराने घरात यायला सांगितलं.

"नारळी पुनवेला मला जाळं परत पायजे," जाताना इद्रीसने बजावलं. "मग तुमचं तुमी बघा."

बुधवारी संध्याकाळी जाळं पुन्हा लागलं. खालाने ते तीनदा सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढलं होतं, तरी वास आपल्या जागी होता. सलाइनचे स्टँड पुन्हा उभे राहिले, पायाशी चिरे गेले. स्टँड कमी पडले, कारण दोन पेशंटना खरोखरच सलाइन लावलं होतं. तेव्हा एका टोकाला ओमकार स्वतः अर्धा तास दोरी धरून उभा राहिला. त्याच्या बिनखुंट्यांच्या भिंतीकडे त्याला बघवत नव्हतं.

गुरुवारी सकाळपासून पाऊस वेड्यासारखा. बैठक काचेच्या ओपीडीत. हरिश्चंद्रशेठ गाडीतून उतरून पायऱ्यांपर्यंत पोचेतो गुडघ्यापर्यंत भिजले. ठरावाचा कागद तयार होता. बाबल्या बाहेरच्या बाकावर टेप गुंडाळत बसला होता. आणि ओमकार बोलायला उभा राहिला तोच वीज गेली.

दहा मिनिटांत काचेच्या खोलीत भातशिजणी झाली. समितीतले एक वयस्कर सभासद कॉलर सोडून फाइलने वारा घ्यायला लागले. फाइल बुरशीची होती, ते शिंकायला लागले. डॉ. योगिनी शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे व्हरांड्यात बसू या का? निदान श्वास तरी घेता येईल."

"तिथे?" शेठनी विचारलं. "पुन्हा?"

पण घामाने ते निथळत होते. उठले.

व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या गेल्या. बाहेर झड भिंतीवर आपटत होती आणि आत फक्त गार वारा येत होता, त्यात कधीमधी तुषाराचा एखादा कण. फरशी कोरडी. शेठ संशयाने जाळ्याकडे बघत बसले.

"वास कसला?"

"वाऱ्याचा," डॉ. योगिनी म्हणाल्या.

तेवढ्यात शरीफाखाला आली. तिने समितीकडे पाहिलं नाही, अध्यक्षांकडे पाहिलं नाही, त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"मोजे काढा."

"काय?"

"ओल्या मोज्यांनी बाळंतिणींच्या दारात बसायचं नाय. पाय चिघळतात. काढा."

कॅनिंगच्या अडीचशे माणसांना उठवणाऱ्या-बसवणाऱ्या हरिश्चंद्रशेठनी मुकाट्याने मोजे काढले. खालाने ते पिळले आणि टोपडी आणि लंगोट यांच्या मधोमध दोरीवर लटकवले.

बैठक पावणेदोन तास चालली. ओमकार खूप बोलला. थेंबाचा वेग, जाळ्याचे पदर, वाऱ्याचा दाब, विजेचं बिल. शेठ "हं, हं" करत होते, पण नजर दोरीवर. शेवटी उठायची वेळ झाली तेव्हा खालाने मोजे आणून दिले. शेठनी एक हातात घेतला. दाबला. नाकाशी नेला, लगेच दूर केला. मग गालाला लावून पाहिला.

"सुकले," ते हळूच म्हणाले. आणि समितीकडे वळून मोठ्याने, जणू कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून, "अहो, सुकले! माझ्या बंगल्यात दोन एसी आहेत, आठ दिवस झाले टॉवेल सुकत नाहीत. बायको इस्त्रीने वाळवते."

मोजा हातोहात फिरला. प्रत्येकाने दाबून पाहिला. ओमकारच्या तीन वर्षांच्या कामाचं परीक्षण अखेर असं झालं. ठरावाचा कागद शेठनी चार घड्या घालून ओल्या बुटात कोंबला, बूट सुकावा म्हणून. "बाबल्याला सांगा, घरी जा. बेंडखळे, हे जाळं-बिळं कायमचं करून टाका. पण वासाचं बघा काहीतरी."

समिती गेली. वीज आली. ओमकारला रडावं की हसावं ते कळेना. भिंत वाचली होती, पण ती वाचवली एका मोज्याने, आणि मोजा सुकवला त्याच्या नकाशात नसलेल्या दोरीने. तरीही त्याचं मन भरून आलं. काहीतरी मोठं करावंसं वाटलं. व्हरांड्याच्या टोकाला खाला कमरेवर धुण्याचा ढीग घेऊन भरलेल्या दोरीवर मोकळी जागा शोधत होती. तो लगबगीने तिच्याकडे गेला.

"खाला, मी शेठशी बोलतो. या व्हरांड्याला तुमचं नाव देऊ. इथे दारातच, चिऱ्यात कोरून, मोठ्या अक्षरांत. ट्रस्ट नाही म्हणणार नाही. काय म्हणता?"

खालाने दातांत धरलेला चिमटा काढला, ओलं दुपटं त्याच्या खांद्यावर टाकलं, आणि भिंतीकडे बोट केलं.

"नाव नको, खुंट्या ठोका."